कडुलिंबाचा रस

तळेगाव ढमढेऱ्याच्या कस्तुराबाईंचा नवरा साखरेच्या आजारानं गेला. आधी पायाचा अंगठा कापला, मग पाय. लेकाला, सार्थकला, ती साखर लागू द्यायची नाही, हे बाईंनी मनावर घेतलं. रोज सकाळी परड्यातल्या कडुलिंबाचा पाला वाटायचा आणि पेलाभर कडूजहर रस त्याला उभ्या उभ्या पाजायचा. तो कारेगावच्या कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, तरी रस चुकला नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलेना. बाईंनी सुनेला, अनुपमाला, काढे दिले, उपास धरायला लावले. शेजारीपाजारी डोहाळजेवण असलं, की "तू घरीच थांब" म्हणून स्वतः एकट्या जायच्या.

अखेर अनुपमानंच हट्ट धरला आणि तिघं शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं गेली. तपासण्यांत अनुपमाचं सगळं ठीक निघालं. सार्थकच्या वीर्यात शुक्राणू फार कमी होते.

"काही औषध घेता?"

"औषध न्हाई. कडुलिंबाचा रस घेतो. आई देती, लई वर्षं झाली."

"उंदरांवरच्या काही प्रयोगांत त्यानं शुक्राणू घटलेले दिसलेत. माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही. पण बंद करा, तीन महिन्यांनी बघू."

कस्तुराबाईंच्या कानात फक्त उंदीर आणि घटलेले एवढंच राहिलं. जीपमध्ये त्या कुणाशी बोलल्या नाहीत. घरी अनुपमा भाकरी थापत होती, तिच्यापाशी जाऊन बसल्या.

"माझ्या हातानं झालं गं. मला कुठं ठावं हुतं."

अनुपमा सासूला आत्या म्हणायची. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "रसाचं तुमाला ठावं न्हवतं, आत्या. त्याचा राग न्हाई. पर मला घरी बसवत हुता, ते तर ठावं हुतं ना?"



पुढं शेजारच्या अक्षदाचं डोहाळजेवण आलं. बाई सुनेला घेऊनच गेल्या. "हिला कशाला आणलं?" शेजारीण अनसाबाई कुजबुजली.

"माझ्या सुनंत काय खोट न्हाई. ती वटी भरंल," बाई म्हणाल्या. पुढचं ओठावर आलं होतं; पण ते सांगितलं असतं तर लेकाची अब्रू गेली असती. त्यांनी ते गिळलं.

रस बंद करून तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासलं, तर शुक्राणू थोडे वाढले होते. सार्थक हसला. अनुपमाही हसली. कस्तुराबाईंना हसता येईना. वाढले, म्हणजे आधी आपणच घटवले होते, एवढंच त्यांच्या मनात घोळत राहिलं.