चोरी होण्याइतकं

छापखान्यात उठबस असली की दोन गोष्टी फुकट मिळतात: सदऱ्यावर शाई आणि डोक्यात किस्से. शाई धुऊन तरी जाते.

आमची शनिवारची बैठक धुळ्यात आबांच्या छापखान्यात भरायची. आबा मालक, नाना वकील, भास्करराव गणिताचे मास्तर आणि मराठी शिकवून फावल्या वेळात कथा लिहिणारा मी. कॅसेट, झेरॉक्स, मग कॉम्प्युटर, एकेक यंत्र गावात येत गेलं तशा आमच्याकडे चोरीच्या गप्पा वाढल्या. माझं सोडून प्रत्येकाचं काही ना काही चोरीला गेलं होतं.

*

भास्कररावांचं दहावीचं गणिताचं गाईड जळगावात कुणीतरी चोरून छापलं. कव्हर स्वस्तातलं, आत सगळं तेच. नाना म्हणाले, "फिर्याद देऊ." भास्कररावांनी पेढे आणले.

"चोरालाही विकावंसं वाटलं, म्हणजे बघा."

पेढा चांगला होता. मी अर्धाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात सहज विचारलं, "माझ्या कथासंग्रहाची कुणी झेरॉक्स मागतं का हो?"

दुकानदार म्हणाला, "सर, मूळ पुस्तक संपलं की मागतील."

*

बोदवडला कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानावर नानांनी पाटी पाहिली: 'येथे कॉपीराईट करून मिळेल.' नाना आत जाऊन पंधरा मिनिटं कायदा सांगत बसले. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, आपली कॉपी राईटच ऱ्हाते. आजलोंग एक तक्रार नही."

*

आबांनी छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढले, कॉम्प्युटर घेतला. त्यातली मराठी अक्षरं कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेली. एक दिवस अक्षरं विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून तपासायला आला. आबांनी घाईघाईने कॉम्प्युटरवर वहिनींचं जरीकाठी पातळ टाकलं आणि वर गणपतीची तसबीर ठेवली. त्या माणसाने चपला काढून नमस्कार केला.

तो गेल्यावर नाना म्हणाले, "आबा, अक्षरं शिशाची होती तोवर आपण गिऱ्हाईक होतो. ती हवेत गेली अन् आपण चोर झालो."

*

मग इंटरनेट आलं. भास्कररावांच्या भाच्याने अमेरिकेहून एक कागद पाठवला. मामांची कविता तिकडच्या कुठल्याशा मराठी पानावर झळकली होती. खाली लिहिलं होतं, 'कवी: अज्ञात'. भास्कररावांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली.

मी म्हटलं, "नाव तर नाही तुमचं."

"नावात काय असतं? साता समुद्रापार गेली."

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, बठ्ठासनं चोरी गयं, तुनंच कसं ऱ्हायनं?"

सगळ्यांचं चोरीला गेलं, माझंच राहिलं, यावर सगळे हसले. मीही हसलो. गणिताच्या मास्तराला अज्ञात होता आलं आणि मला तेवढंही जमलं नाही, हे घरी जाईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

*

माझी पत्नी सुमन गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. पारोळ्याच्या स्टँडवर उभा होतो, आणि रिक्षातल्या टेपवर तिने रचलेलं हळदीचं गाणं लागलं.

केळीनी बाग मना बापनी शे,
पाणी देता देता माय दमली हाये.

तिचं माहेर सावद्याचं, तिकडे 'आहे'ला 'हाये'. सासर धुळ्याचं, इथे 'शे'. हळदीला बायका हसायच्या, तेव्हा ती म्हणायची, "एक माहेरचं, एक सासरचं. नांदू द्या की दोघांना." असं गाणं दुसरं कुणी करणं शक्य नव्हतं. कॅसेटवर लिहिलं होतं, 'शब्द: पारंपरिक'.

नाना उसळलेच. "आता कायदा बदललाय. गाणाऱ्याचाही हक्क आलाय, जगभरचे देश करारात बसलेत. वहिनींचं नाव लागलंच पाहिजे."

मलाही तेवढंच हवं होतं. आमच्या घरातलं काहीतरी पहिल्यांदाच चोरीला गेलं होतं, आणि त्यावर तिचं नाव नव्हतं.

गाणाऱ्या इंदूबाई पारोळ्याच्याच निघाल्या. सुमनच्या शेवटच्या आजारात धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर त्यांची सासू होती. त्यांनी नानांना आणि मला घरी बोलावून चहा दिला आणि काही लपवलं नाही.

"गाणं सुमनअक्कांचंच, सर. मी कंपनीवाल्यांना नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, गेलेल्या बाईची सही कुठून आणायची?"

नानांनी वकिली सुरू केली. "किती कडवी शिकवली त्यांनी?"

"चार."

"तीन," मी म्हणालो. "कॅसेटमध्येही तीनच आहेत."

"चौथं मी दिलं नाही त्यांना. ते लग्नातलं नाही ना." इंदूबाईंनी पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हटलं:

डबा लई येस तो थकेल शे,
त्याले कसं सांगू, भूक नही हाये.

नानांनी कप खाली ठेवला. मी विचारलं, "हे तुम्हाला कधी शिकवलं? मी तर रोज दोन्ही वेळा डबा घेऊन तिथे होतो."

"तुम्ही दारात दिसलात की त्या म्हणायच्या, 'चूप गं, ते आले.'"