पावण्यांसमोर झाडणं

मी बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’, ‘मी जेवलो’ असंच बोलते. आमच्याकडच्या कितीतरी बायका तशाच बोलतात. लिहिताना तेवढं ‘आले’, ‘गेले’ लिहायचं असं शाळेत बाईंनी हातावर छड्या मारून शिकवलंय, म्हणून इथं तसं लिहिते. बाकी जे सांगायचंय ते माझ्या तोंडानंच सांगणार. ज्याला ऐकवत नसेल त्यानं खुशाल उठून जावं. आधीच लई लोकांनी आमच्या तोंडावरनं आमची लायकी काढलीय, त्यात आणखी एक.

आम्ही दोघी बहिणी. मी थोरली. लग्न होऊन कोल्हापूरजवळ कळंब्यातच, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. धाकटीला आम्ही बारकी म्हणतो. वडील लवकर गेले. आईनं म्हशी पाळल्या, कोल्हापुरात घरोघर दूध घातलं, मला नांदायला लावलं आणि बारकीला इंजिनियर केलं. आईचा आवाज असा की गोठ्यात बोलली तर गावच्या तळ्यावर ऐकू जावं. म्हशीनं पाय हलवला की शिवी, गिऱ्हाइकानं दूध पातळ म्हटलं की टोमणा. आम्हाला तर जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक. आजारी पडलं की सगळ्यात जास्त. “भीज अजून पावसात, मर तिकडं,” असं म्हणत काढा उकळायची आणि ताप उतरेपर्यंत उशापासनं हलायची नाही. आमच्यात आधी झापतात, मग जेवू घालतात. नुसतंच जेवू घातलं तर माणूस घाबरतंय, म्हणतंय, माझं काय चुकलं?

बारकीला पुण्यात नोकरी लागली आणि हापिसातलाच मुलगा तिला आवडला, लग्न झालं. मुलगा गरीब स्वभावाचा, घरात तो आणि त्याची आई. खोटं कशाला बोलू, तिच्यावर कुणी कधी हात उगारला नाही. उलट पहिली दोन-तीन वर्षं तर तिचं भारी कौतुक. पाहुणे आले की सासू म्हणायची, आमच्या सूनबाईंचं कोल्हापुरी ऐका. मग ही उभी राहून “काय पावणं, बरं हाय न्हवं?” म्हणायची आणि सगळे पोट धरून हसायचे. हिलाही वाटायचं, आपलं कौतुकच चाललंय. मी एकदा फोनवर म्हटलं, अगं खुळे, माकड केलंय की तुझं. तर माझ्यावरच चिडली.

मग पोरगी झाली. ज्या तोंडाला हसत होते, त्याच तोंडाचा आता पोरीला संसर्ग होईल म्हणून घाबरायला लागले. बारकी पोरीशी एक वाक्य बोलली की सासू मागनं ते दुरुस्त करून परत बोलायची. आवाज अगदी हळू. चिडणं नाही, काही नाही. एखाद्याचं खरकटं पुसावं तसं. पोरगी शाळेत एका पोराला ‘सटव्या’ म्हणाली, शाळेनं घरी कळवलं, आणि त्या दिवसापासनं बारकीनं पोरीशी जपून बोलायचं असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे कुणी सांगितलं नाही. नवरा नुसता म्हणाला, तू समजूतदार आहेस. बारकी जपून बोलायला लागली, मग कमी बोलायला लागली. आणि एक दिवस पहिलीतली ती पोरगी तिला म्हणाली, “आई, शाळेत बाबाच येऊ देत. तू नको. तू बोलतेस ना.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत बारकी पोरीला घेऊन कळंब्याला आली ती परत जायचं नाही म्हणूनच.

त्या सुट्टीत पोरगी सुटली. आठवडाभरात अनवाणी गोठ्यात जायला लागली. आई तिला भरवताना ओरडायची, “सटवे, मडं बशिवलं तुझं, गिळतीस का न्हाईस?” आणि पोरगी खिदळत आ करायची. तिसऱ्या घासाला आईनं शिवी दिली नाही तर मागून घ्यायची. बारकी उंबऱ्यात बसून हे बघायची आणि हसायची. तिला तसं हसताना मी कैक वर्षांनी बघितलं.

शाळा उघडायच्या आधी पुण्याहून फोन आला, समोरासमोर बसून बोलू. जावई आणि विहीणबाई येणार म्हणून ठरलं. बारकीचं म्हणणं एवढंच होतं की पोरगी माझ्याजवळ राहील. मला न्यायचं असेल तर माझ्या बोलण्यासकट न्या, नाहीतर आम्ही दोघी इथं राहतो, मी कोल्हापुरात नोकरी बघते. आईच्या मनात मात्र एकच, पोरीचा संसार सांधायचा. आणि संसार कसा सांधायचा हे तिला ठाऊक होतं. माझा सांधलाच होता की.

तेही सांगायला पाहिजे. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी भांडून माहेरी आले होते. सासूसासरे न्यायला आले. चूक त्यांची होती हे गल्लीला माहीत होतं. पण पावणं टेकतात न टेकतात तोवर आईनं मलाच झाडायला सुरुवात केली. हिला वळण न्हाई, हिला तोंड हाय पण अक्कल न्हाई, मीच हिला लाडानं बिघडवली, ठेवून घेऊ नका असली सून. मी रडून लाल झाले. तर माझी सासू पदर खोचून उठली आणि माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, बास करा की आता, मारता काय पोरीला, आमची सून हाय ती. झालं. सासऱ्यांनी स्वतःच्या पोराच्या चुका मोजल्या, आईनं जेवायला वाढलं, संध्याकाळी मी सासरी. आमच्याकडं ही रीत आहे. आपल्या पोरीला आपणच इतकं झाडायचं की समोरच्याला तिची बाजू घ्यावी लागते. एकदा बाजू घेतली की तो बांधला गेला. आईनं झाडणं आणि सासूनं आड येणं, दोन्ही मिळून ते एक काम आहे. कुणी कुणाला हे शिकवत नाही. बघून येतं.

विहीणबाई आणि जावई आले. हातपाय धुवायला पाणी दिलं, तर नको म्हणाले, गाडीतनंच आलोय. खुर्च्यांवर बसले. जावयानं मोबाइल टेबलावर ठेवला. मला वाटलं, खिशात टोचत असेल.

आई दारापाशी खाली बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुरू झाली. हिच्या तोंडाला फडकं बांधाय पायजे. बापाविना वाढली, मला गोठ्यातनं सवड न्हाई, शिस्त लावणार कोण? पोरीवर आरडत्या, शिव्या देत्या, ही काय आई म्हणायची? मी मनात म्हटलं, चांगलं चाललंय. बारकी खाली मान घालून उभी होती, तीही आपलं काम नीट करत होती. आता विहीणबाई उठतील, म्हणतील, असं कसं बोलता, आमची सून हाय.

विहीणबाई उठल्या नाहीत. मान थोडी तिरकी करून लक्ष देऊन ऐकत होत्या. जावई मोबाइलकडं बघत होता. खोलीत आईच्या आवाजाशिवाय काही नव्हतं आणि मग माझ्या ध्यानात आलं. या माणसांना ही रीत माहीतच नाही. मी म्हटलं, “आई, बास.” पण घरच्या माणसानं आड येणं आमच्यात मोजतच नाहीत. आईला वाटलं, पावणं अजून हलंना, आणखी जोर लावायला पाहिजे. पावणं फारच अडून बसलं तर शेवटचं म्हणून जे बोलायचं असतं, ते ती बोलली.

“पोरगी सांभाळायची हिची लायकी न्हाय. हिच्यापाशी ऱ्हायली तर वाटुळं हुईल तिचं. न्या तुमची पोरगी.”

हे ऐकून आमच्याकडचा दगडसुद्धा उठला असता. विहीणबाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, “तुम्हालाही तसंच वाटतं ना? बरं झालं, तुम्ही स्वतःच बोललात. आम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं.”

आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग बारकीकडं. “तसं न्हवं ओ पावणं,” म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिला शब्द सापडत नव्हता. चहा तसाच राहिला. बारकीनं पोरीला धरून ठेवली, म्हणून त्या दिवशी नेता आली नाही. जावयानं मोबाइल उचलून खिशात घातला आणि अगदी सभ्यपणे निरोप घेतला.

पुढं कोर्ट. तिथं जावयाच्या मोबाइलमधला आईचा आवाज वाजवला. त्या खोलीत तो एवढा मोठा वाटला की मलाही क्षणभर लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा नंतर संताप आला. आईला विचारलं, आवाज तुमचाच का? ती म्हणाली, व्हय, माझाच. मग सांगायला गेली की तसं म्हणायचं असतंय, ते खरं नसतंय, पावण्यांनी मधी पडायचं असतंय. बोलता बोलता आवाज चढला, कारण तिचा चढतोच. त्यांच्या वकिलानं शांतपणे विचारलं, म्हणजे तुमच्यात अशीच भाषा असते? ती म्हणाली, आमच्यात असंच असतंय. वकील म्हणाला, धन्यवाद, आणि बसला. मला उठून ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडले असते तर त्यांचंच खरं झालं असतं. गप्प बसून राहिले. आमच्यासारख्यांना तिथं बोललं तरी मरण आणि गप्प बसलं तरी मरण.

पोरीला आत नेऊन कोर्टातल्या एका बाईंनी विचारलं. तिनं शाळेत शिकवलेल्या स्वच्छ मराठीत उत्तर दिलं म्हणे, आई ओरडते, आजी खूप ओरडते. खोटं नव्हतं. गंमत येते का, असं कुणी विचारलंच नाही, मग ती ते कशाला सांगेल?

कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत पोरगी बापाकडं. बारकीनं महिन्यातनं दोनदा जाऊन भेटायचं. निकाल कधी लागणार, देव जाणे. आमचा वकील म्हणतो, धीर धरा. बारकी पुण्याला जाते, एका खोलीत पोरीसमोर बसते, कोपऱ्यात लक्ष ठेवायला कुणीतरी बसलेलं असतं. ती तिथं ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणते, हळू आवाजात. पोरगी तिला सरळ बसून शाळेतलं सांगते. परत आल्यावर बारकी आमच्याशीही तसंच बोलते. आधी मला वाटलं, प्रवासानं दमलीय. पण तिचं तोंड आता तसंच झालंय. मी चेष्टा केली, टोमणे मारले, मुद्दाम भांडण काढून बघितलं. ती म्हणते, “असू दे अक्का.”

गेल्या भेटीनंतर ती आली तेव्हा मी आईकडंच होते. आई चुलीपुढं होती. तिनं कैक दिवसांत म्हशीलासुद्धा शिवी दिली नव्हती. बारकीनं पिशवी ठेवली, आणि आई एकदम तिच्या पायाशी येऊन बसली.

“बारके, मला शिव्या दे की गं. तोंडात मार माझ्या. माझ्या या तोंडानं घालवली तुझी पोरगी. बोल की कायतरी.”

बारकीनं वाकून तिला हाताला धरून उठवलं. “नाही आई. तुझं काही चुकलं नाही. तू आराम कर,” म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आवाज विहीणबाईंसारखाच मऊ होता.

आई बंद दाराकडं बघत राहिली. मला ते बघवेना. मीच तिच्यावर तुटून पडले. म्हातारे, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला, समोर माणूस कसलं बसलंय ते तरी बघायचंस, पोरीचं वाटुळं केलंस, तोंडाला येईल ते बोलले. वाटलं, ती उलटून चार शिव्या हासडेल आणि निदान घरात आवाज तरी होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मग पदरानं तोंड पुसलं.

“तू नको,” ती म्हणाली. “तिला सांग मला झाडाय.”

मी दार वाजवलं. आतनं बारकी म्हणाली, जेवण नको आहे.