गोठ्यातलं वऱ्हाड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, मग मध्ये मध्ये मला थांबावं लागायला नको. चहा उकळेपर्यंत सांगून होतं. अशी फजिती माझी पुन्हा झाली नाही, आणि देवा, होऊही नये!

मी माहेरची जळगावची. लग्न होऊन साक्रीकडच्या या गावात आले आणि आल्या आल्या दोन उद्योग मागे लावून घेतले. एक, लोकांची लग्नं जुळवणं. दुसरा, महिला मंडळ. मंडळाची चिटणीस मी. का? तर सातवी पास होते, आणि मला गप्प बसता येत नाही म्हणून.

आमच्या मंडळाची मागणी एकच होती. गावात दवाखाना हवा, आणि गावातच राहणारी नर्सबाई हवी. त्याचं कारण माझ्या घरातच होतं. माझी धाकटी जाऊ, कमल. तिचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तिला बैलगाडीत घालून आम्ही धुळ्याला निघालो होतो. नदीच्या वाळूत चाक रुतलं. तिचा मुलगा त्या गाडीतच गेला. आता तिला पुन्हा दिवस राहिले होते, आणि दाराशी गाडी येऊन थांबली की ती कामं टाकून आत निघून जायची. मी ते रोज बघत होते.

म्हणून मी धुळ्याच्या कचेरीला अगदी भंडावून सोडलं. शेवटी निरोप आला. नवे दवाखाने कुठे आणि कसे काढायचे, हे म्हणे गावोगावच्या मंडळांना विचारून ठरवायचं होतं. त्यासाठी धुळ्याहून समिती येणार, गाव बघणार, मंडळाचं म्हणणं ऐकणार.

बघायला येणार म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार, सांगा? आयुष्यभर मी तेच केलं होतं. मुलाकडचे यायच्या दिवशी आपण काय करतो? ओटा सारवतो, पोहे करतो आणि घरातल्या खोकणाऱ्या आजोबांना शेजारी पाठवून देतो. करतो की नाही? मीही तेच केलं, फक्त सगळ्या गावाचं केलं.

मंडळाच्या बायकांना मी बजावून सांगितलं, ज्यांच्या घरात कोणी आजारी आहे त्यांनी ते माणूस समितीच्या नजरेस पडू द्यायचं नाही. आता गावच्या गाव शेजारी कुठे पाठवणार? मग मी आमचा गोठा दिला. गुरं रानात गेली होती, गोठा घराच्या मागे, दार मागच्या बोळात. सकाळपासून माणसं येऊ लागली. हिवतापाने थरथरणारी, खरजेची, डोळे आलेली, खोकणारी. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्यांचाही त्या दिवशी दिवसाआड येणाऱ्या तापाचा वार होता. त्यांना मधोमध बसवलं. गप्प राहावं म्हणून सगळ्यांना शेव-मुरमुरे दिले.

कमलने मला विचारलं, वहिनी, मी थांबू ना ओट्यावर? तिचे पाय सुजलेले, तोंड पांढरं पडलेलं. मी म्हटलं, अगं, चार माणसांत बरं दिसत नाही, तूही जा. ती पदर सावरून गोठ्यात जाऊन बसली. जिच्यासाठी एवढा खटाटोप मांडला होता तिलाच मी कडी घातली, आणि माझ्या टाळक्यात काही प्रकाश पडला नाही!

समिती आली. एक म्हातारे डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर एक नर्सबाई. गाव लखलखत होतं. ओट्यावर मंडळाच्या बायका नव्या लुगड्यांत, पुढ्यात पोहे. डॉक्टरांनी विचारलं, गावात ताप वगैरे आहे का? मी म्हटलं, छे हो, आमच्याकडे कोणी शिंकतसुद्धा नाही. बाळंतपणं? सगळी सुखरूप. पाणी? अमृत! मुलीला स्वयंपाक येतो का, या चालीवर मी धडाधड उत्तरं देत होते आणि बायका माना डोलावत होत्या.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, असं मंडळ असल्यावर गावाला काय कमी आहे? मी फुलून गेले. मग ते म्हणाले, तेव्हा हा दवाखाना आपण पलीकडच्या गावाला देऊ, तिथे फार हाल आहेत. तुमचं असंच चालू ठेवा.

आणि ते चपला घालायला उठले.

आता बोलायला नको होतं का मी? साहेब, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्या बायकांसमोर माझी जीभ हलेना. एरवी गप्प बसता येत नाही म्हणून चिटणीस झालेली मी, आणि बोलायच्या वेळी नुसती डॉक्टरांच्या चपलांकडे बघत उभी!

तेवढ्यात नर्सबाईंना हात धुवायचे होते. मी तांब्या आणते म्हणेपर्यंत त्या घरातून मागे पोचल्यासुद्धा. मी धावले. मोरी समजून त्यांनी गोठ्याची कडी काढली, आणि आतून सगळं गाव मुरमुरे खाता खाता त्यांच्याकडे बघायला लागलं.

"ही कोण मंडळी?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे आहेत. लग्नाला आलेत," मी म्हटलं. सुचलं ते हेच! तोपर्यंत डॉक्टरही येऊन उभे राहिले होते.

अक्का घोंगडीतून हळूच म्हणाल्या, "लगीन नही ओ बाई. आम्ही बठ्ठा आजारी शेतस. मनी सूननी आम्हले कोंडी ठेयं."

सगळे आजारी, आणि सुनेनं कोंडून ठेवलंय! मला वाटलं, धरणी दुभंगावी. नर्सबाई हसू आवरत होत्या. मग कोपऱ्यातून कमल उठली. कधी परक्या माणसासमोर तोंड न उघडणारी पोर ती, सरळ डॉक्टरांना म्हणाली, "मना पहिला पोर्‍या गाडीमाच गया, साहेब. या येळले माले गाडीमा बसानं नही. दवाखाना मांगून बांधा, बाई आधी धाडा."

कोणी हसलं नाही. डॉक्टर तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसले. पोहे ओट्यावर थंड होऊन गेले आणि मंडळाची खरी सभा गोठ्यात झाली. एकेक जण आपलं दुखणं सांगत होता, कधी अडतं, काय हवं ते सांगत होता. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मला कोणी काही विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं.

पलीकडच्या गावाला दवाखाना मिळाला आणि आम्हालाही. पण भिंती उभ्या राहायच्या आधी नर्सबाई आल्या, कमल म्हणाली होती तशाच, आणि आमच्याच माडीवर राहिल्या. कमलला मुलगी झाली, घरच्या खाटेवर. बाळाचं रडणं ऐकून मी गोठ्यात जाऊन रडले. आता ती पोर मलाच दटावते.

जाताना डॉक्टर मला म्हणाले होते, वहिनी, तुमच्यामुळे आम्हाला एक गोष्ट कळली. आता कुठल्याही गावात गेलो की आम्ही आधी मागच्या दाराने जाणार. आणि खरंच जात होते म्हणे. आरोग्याच्या कामात माझा वाटा काय, तर एवढाच.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं हो. पण ही गोष्ट तालुकाभर झाली. परवा एका मुलीचं जमवायला गेले होते. ओटा सारवलेला, पोहे तयार, मुलगी नटून बसलेली. मुलाकडचे आले, पण बसायलाच तयार नाहीत. मुलाचा मामा हात जोडून म्हणाला,

"काकू, पोहे मागून. आधी गोठा दाखवा."