धक्का मारू नका!

आमच्या पिंपळीच्या गॅरेजातलं भंगार भंगारवाला वर्षातून एकदा उचलून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच राहतात. त्यातले निम्मे तर सणसरच्या तात्यांच्या एकाच गाडीचे आहेत, आणि सांगताना अजूनही माझं डोकं तापतं!

तात्या ऊसवाले. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बारामतीला न्यायचं. एक खेप चुकली की काकींच्या पायांना सूज, छातीत धाप. आणि गाडी असला नग, की दहा वेळा सुरू होणार आणि अकराव्या वेळी चावी फिरवली की नुसतं 'टक्'!

*

पहिल्यांदा तात्या गाडी घेऊन आले. मी वीस वेळा चावी फिरवली. वीसही वेळा सुरू!

"तुला बघून भ्येती रं ती," तात्या म्हणाले.

"तात्या, दुखणं दिसल्याशिवाय औषध कसं देऊ?"

"मेकॅनिक हायस न्हवं? मग वास घिऊन सांग की!"

त्या दिवशी मी हातातला पाना टायरवर आपटला. तात्यांवर आपटता येत नाही म्हणून.

*

मग आले जावई. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतात आणि व्हिडिओ बघून गाड्यांचे डॉक्टर झालेत. मला न विचारता नवी बॅटरी बसवली. आठवड्यात पुन्हा 'टक्'. मग नवा स्टार्टर. पुन्हा 'टक्'!

जावई फोनवर म्हणतात, "तुमच्या फिटिंगमध्येच प्रॉब्लेम असेल."

"फिटिंग तुमच्या माणसानं केलंय!"

"मग सगळं वायरिंगच बदलून टाका."

जावई म्हणून तात्या गप्प बसले. मी कशाला बसतोय? चांगलं फैलावर घेतलं.

*

शेवटी ठरलं. गाडी बंद पडली की तिला तशीच ठेवायची आणि मला फोन करायचा. मी मीटर घेऊन येणार.

शुक्रवारी फोन आला. हातातलं काम टाकून सणसर गाठलं. बघतो तर गाडी दारात घुरघुरतेय आणि भोवती आठ जण घाम पुसतायत!

"धक्का मारला, झाली चालू!" तात्या खूश.

"मी काय सांगितलं होतं?"

"आरं, आजारी बाई गाडीत बसलीया, आन् लोकांनी काय बघत ऱ्हायचं?"

आमच्याकडं हे असंच. बंद गाडी दिसली की ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टरवालासुद्धा खाली उतरतो आणि धक्का मारून मगच पुढं जातो. भली माणसं! पण या भल्या माणसांनी तीनदा माझी फेरी फुकट घालवली. तिसऱ्यांदा मी भर रस्त्यात ओरडलो, "पुन्हा कोणी धक्का मारला तर हात मोडून ठेवीन!"

*

पुढच्या मंगळवारी काकींचाच फोन.

"दत्ता, ये. गाडी बंद हाय. कुनाला हात लावू दिला न्हाय."

गेलो. दारात दहा-बारा माणसं, शेजाऱ्याची पिकअप सुरू करून उभी. काकी गाडीत तात्यांच्या सीटवर, चारी दारं लॉक करून बसलेल्या. तात्या रडकुंडीला येऊन काचेवर थापा मारतायत, "अगं, चल पिकअपमधनं! येळ चाललीया!"

काकींनी काच बोटभर खाली केली. "आजची येळ जाऊ द्या. पर दर खेपंला माझा जीव टांगनीला लावू नगा."

काकींनी आतून खटका ओढला, मी बॉनेट उघडलं. मीटर लावलं. बॅटरी भरलेली. एक जाड वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला लावली आणि म्हणालो, "काकी, फिरवा चावी!"

घुर्रर्र! पहिल्या झटक्यात!

म्हणजे अर्थिंग कच्चं. बॅटरीखालचा अर्थिंगचा बोल्ट खोलला. वायर आणि पत्र्याच्या मधे पांढऱ्या रंगाचा जाड थर, करंट अडवणारा. गेल्या साली उसाच्या ट्रॉलीनं गाडी घासली, तेव्हा पुढचा भाग रंगवला होता. रंग खरवडून न काढता तसाच बोल्ट आवळणारा तो गाढव कोण, म्हणून मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गाडी माझ्याच गॅरेजात रंगवली होती. बोल्टही मीच आवळला होता.

रंग खरवडला, बोल्ट घट्ट केला.

"घावलं का रं?" काकींनी विचारलं. "कुनी केलं हुतं?"

"मी."

काकींनी दार उघडलं आणि हळूहळू शेजारच्या सीटवर सरकल्या.

"मग वरड की आता! पर गाडी चालवत वरड, मला उशीर झालाय."