माझा कान आणि नानांच्या उसातला बिबट्या

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एकाला असा ठसका लागला, की त्याच्या शर्टावरचा डाग अजून गेलेला नाही आणि दर भेटीत तो मला दाखवतो.

फजिती माझीच आहे. पण त्याआधी माझा मोठेपणा ऐकून घ्यावा लागेल. नाहीतर मी किती उंचावरून आपटलो ते तुम्हाला कळणार कसं?

मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन लांबून नुसतं घरघरलं, की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी डबा खाता खाता सांगतो. आणि रविवारी आम्ही काही टाळकी रिमोटची विमानं उडवतो. जत्रेतली खेळणी नव्हेत हां! चांगली ऐसपैस पंखांची, मोटर-बॅटरी सगळं घरी बसून जोडलेली. या विमानांचं एकच दुखणं, ती उडतात कमी आणि बिघडतात जास्त. मग लोक मला फोन लावतात. "सर, मोटर असा आवाज करतेय, ऐका." मी डोळे मिटतो, फोन कानाला लावतो आणि सांगतो, "पंखा तिरका बसलाय." बरोबर! "रिमोटचा दोष नाही, रिसीव्हरची वायर मोटरला खेटून गेलीय." बरोबर! कधी चुकलोय का मी? विचारा कोणालाही. म्हणजे, त्या रविवारच्या आधीचं विचारा.

त्या आठवड्यात खुद्द माझ्याच विमानाला एक घाण गुरगुर लागली होती. मोटर फिरायची सोडून जागच्या जागी थरथरायची. मोटरच्या तीन वायरींपैकी एक सैल होती. मी लगेच सोल्डरिंग केलं आणि जाहीर करून टाकलं, "ही गुरगुर आता या जगात नाही."

"एकदा वायर ओढून तरी बघ," सुधाकर म्हणाला. सुधाकर माझा जुना मित्र. कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बोलतो कमी, हसतो त्याहून कमी.

"सुधाकर, सोल्डरिंग कोणी केलंय?"

"म्हणून तर म्हणतोय."

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना असे मित्र असायचेच.

आम्ही उडवतो कुठे, तर सायखेड्याच्या अलीकडे बाजीराव नानांची एक पडीक पट्टी आहे, तिथे. पट्टीच्या एका बाजूला नानांचा ऊस, उसाच्या पलीकडे बाभळी. नाना फार दिलदार माणूस. आमच्याकडून काही घेत नाहीत, वर काकू ताक पाठवतात. नाशिकच्या आसपास अशी मोकळी जागा मिळवून दाखवा मला! म्हणून नानांना दुखवायचं नाही, हा आमच्यात पहिला नियम.

दुसरा नियम रिमोटचा. विमानातली बॅटरी काढल्याशिवाय हातातला रिमोट बंद करायचा नाही, मग विमान हातात असो की झाडावर. हा नियम लक्षात ठेवा, त्यानेच माझा घात केला.

त्या रविवारी पोचलो तर बांधावर ही गर्दी! ऊसतोड टोळी आली होती. बायाबापड्या न्याहारीला बसलेल्या, कोयते बाजूला ठेवलेले, ट्रॅक्टर उभा. नाना नुसते फुलले होते.

"लय दिसांनी तोडीचा नंबर लागला बघा साहेब! फोन करकरून जीव गेला. आज तोड झाली नाय तर टोळी म्होरल्या गावाला जाईल, आन मंग माझा ऊस वाळून चिपाड!"

"होणार नाना, होणार. आज आपण टोळीला विमान दाखवू!"

टोळी बघतेय म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. विमान वर नेलं, एक गिरकी घेतली, बाया "अगं बया!" म्हणाल्या. दुसरी गिरकी घेणार तोच मोटर अचानक गप्प. विमान तरंगत खाली खाली गेलं आणि उसाच्या पलीकडे दिसेनासं झालं.

"सिग्नल तुटला," मी शांतपणे सांगितलं. "नवा मोबाइल टॉवर झालाय ना तिकडे, त्याची ही करणी."

"मोटर बंद पडली," सुधाकर म्हणाला. "आणि विमान उसात पडलंय."

"बाभळीपाशी पडलंय. मी डोळ्यांनी बघितलं."

"मग थ्रॉटल जरा हलव. मोटर कुठे वाजते ते ऐकू."

हरवलेलं विमान शोधायची आमच्यात ही पद्धतच आहे. रिमोटवरची थ्रॉटलची, म्हणजे मोटर कमी-जास्त करायची, स्टिक हलवायची आणि आवाजाच्या दिशेने जायचं. पण मला ते कमीपणाचं वाटलं.

"ती नवशिक्यांची कामं. पंखा कुठे अडकला असेल तर मोटर जळेल. चल बाभळीकडे."

रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेला, चालूच, नियमाप्रमाणे. आम्ही उसाच्या कडेने निघालो. आदल्या आठवड्यात नानांचा कुत्रा बिबट्याने नेला होता. ते नेमकं मला तिथेच आठवलं. आठवलं तसा मी रिमोट जरा घट्ट धरला, आणि...

गुर्रर्रर्र!

उसातून! अगदी जवळून! पाचट सळसळलं आणि पुन्हा सगळं शांत.

मी जागच्या जागी थिजलो. "सुधाकर..."

"ऐकलं."

"बिबट्या!"

"असेल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला जसा काही बिबट्या मीच आहे.

गुर्रर्रर्र! गुर्र, गुर्रर्रर्र!

आता मला सांगा, अशा वेळी जबाबदार माणूस काय करतो? मी पळालो. पळता पळता ओरडलो, "उसात कोणी जाऊ नका! बिबट्या आहे! बिबट्या!"

न्याहारीची भांडी तशीच टाकून टोळी ट्रॅक्टरवर चढली. नाना धावत आले, मागून काकू. टोळीचा मुकादम जरा खमका होता. म्हणाला, "साहेब, दिसला का?"

"दिसायची गरज नाही! या कानाने आयुष्यभर आवाजच ओळखलेत!"

आणि जणू माझ्या बाजूने साक्ष द्यायला ऊस पुन्हा गुरगुरला. नाना मटकन बांधावर बसले.

"संपलं," ते म्हणाले. "आता कोन शिरतंय फडात?"

त्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून मी धीर द्यायला गेलो, आणि धीर द्यायचा तर माहिती द्यायला नको?

"नाना, घाबरू नका. मादी आहे."

"मादी?" काकूंनी तोंडाला पदर लावला.

"सुरावरून कळतं. पिल्लं असणार जवळ. आणि आवाज घशातून फाटतोय बघा, म्हणजे दात दुखतोय तिचा. दाढच!"

गुर्रर्र!

"ऐका, ऐका! मी बोललो की गुरगुरते. नजर माझ्यावरच आहे तिची."

वनखात्याला फोन मीच लावला. तिकडून सांगितलं, जवळ जाऊ नका, माणसं निघालीच आहेत. मुकादमाने ट्रॅक्टर चालू करायला लावला. नाना त्याचा हात धरून म्हणत होते, "थांबा हो मुकादम, दुपारपात्तर तरी थांबा!" आणि तो म्हणत होता, "नाना, पोटासाठी आलो, पोटात जायाला नाय आलो!"

सुधाकर मात्र बाजूला उभा राहून मोबाइलवर काहीतरी करत होता. मला राग आला. गावावर संकट आलंय आणि हा मोबाइल बघतोय!

तेवढ्यात माझा फोन वाजला. मनमाडचा महेंद्र. रेल्वेत आहे, आमच्यासारखाच विमानवेडा.

"सर, एक आवाज पाठवलाय. जरा ऐकून सांगता का काय दोष आहे?"

"अरे, इथे बिबट्या..."

"अर्जंट आहे सर. तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

आता असं म्हटल्यावर माणूस काय करेल? शिवाय सगळी टोळी बघत होती. संकटातही माणूस किती स्थिर राहू शकतो हे त्यांना कळायला नको? मी महेंद्रने पाठवलेला आवाज लावला, ट्रॅक्टरच्या धडधडीत नीट येईना म्हणून कानाला घट्ट धरला आणि डोळे मिटले. बस, क्षणभरच ऐकलं. मग महेंद्रचा फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"महेंद्र, लिहून घे. मोटरच्या तीन वायरींपैकी एक सुटलीय. सोल्डरिंग कच्चं आहे. पंखा कुठल्या तरी पाल्यात अडकून घासतोय, म्हणून आवाज असा फाटतोय. आणि ज्या गाढवाने सोल्डरिंग केलंय ना, त्याला म्हणावं, इस्त्री कर बाबा, सोल्डरिंग तुझं काम नाही!"

महेंद्र हळूच म्हणाला, "पण सर... सुधाकर सर म्हणाले हा आवाज तुमच्या समोरच्या बिबट्याचा आहे. आत्ताच रेकॉर्ड केलाय म्हणे."

मुकादमाने ट्रॅक्टर बंद करायला लावला.

सुधाकर शांतपणे चालत माझ्यासमोर आला. "तुझा डावा अंगठा बघ," तो म्हणाला.

मी बघितला. गळ्यातल्या रिमोटच्या थ्रॉटलवर होता. मी घाबरलो की माझा हा अंगठा आपोआप स्टिकवर जातो आणि तिला पुढे-मागे करत बसतो, ही माझी जुनी खोड. घाबरलो की अंगठा चालणार, अंगठा चालला की उसात मोटर गुरगुरणार, ती गुरगुरली की मी आणखी घाबरणार! सगळा वेळ मीच तिला गुरगुरायला लावत होतो आणि मीच घाबरत होतो.

"काढ," सुधाकर म्हणाला.

काढला. ऊस गप्प.

"लाव."

गुर्रर्र!

ट्रॅक्टरवरच्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. काकू तर उघडच हसत होत्या. मुकादमाने खाली उडी मारली, कोयता उचलला आणि अगदी आदबीने म्हणाला, "साहेब, तेवढी तुमची मादी बाहेर काढा. आमाला तोड करायची हाय."

मी गुपचूप उसात शिरलो. पाचटात पंखा रुतवून विमान पडलं होतं, आणि माझ्या हातच्या सोल्डरिंगची ती वायर लोंबत होती. मी बॅटरी काढली. मग नियमाप्रमाणे रिमोट बंद केला.

वनखात्याला पुन्हा फोन लावायचं कामही माझ्याकडेच आलं. "साहेब, येऊ नका," मी म्हणालो.

"का? निघून गेला?"

"नाही... बॅटरी काढली."

"बिबट्याची?" पलीकडच्या माणसाने विचारलं. मग मी सगळं सांगितलं, सोल्डरिंगपासून अंगठ्यापर्यंत, आणि हात जोडून माफी मागितली. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, पण जोडले.

तोड मात्र जोरात झाली. उन्हं उतरायच्या आत अख्खा फड मोकळा. मी दिवसभर मोळ्या उचलल्या, माझं मीच ठरवून. निघताना नानांपाशी गेलो. ही जागा गेली तर पुन्हा अशी मिळणार नव्हती.

"नाना, चुकलो. पुढच्या रविवारी आम्ही... येऊ ना?"

नानांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मिशीतल्या मिशीत हसले.

"या की साहेब! इमान कवाबी आना," ते म्हणाले. "फक्त कान तेवढा घरी ठिवून या."