ढेकूण मारायचं लायसन

किस्से आणि झुरळं, दोघांचं एकच आहे. एक दिसलं की समजून जायचं, आत सगळं खानदान बसलंय. आमच्या पेस्ट कंट्रोलच्या लायसनच्या पायी घरात इतके किस्से साचलेत की पाहुणा आला की चहाच्या आधी एक तरी बाहेर येतोच. आमचं घर फुलचूरला. नवरा राईस मिलमध्ये नोकरीला, म्हणून तो या भानगडीत नाही. भानगडीत मी, माझे दीर प्रकाशभाऊजी आणि सासूबाई.

*

भाऊजी आधी बिनालायसनचीच फवारणी करायचे. कोहमाऱ्याच्या एका ढाब्याचं काम त्यांच्याकडे होतं. एक दिवस ढाबामालकाने विचारलं, "लायसन हाय का तुह्याजवळ?"

भाऊजी छाती काढून म्हणाले, "लायसन कायले पाह्यजे? माह्या नावानं झुरळं कापतात."

"मंग तसं त्याइच्याकडून लिहून आन," मालक म्हणाला. "तपासायले साहेब येते, त्याले कागद लागते. तुह्या तोंडाकडं पाहून थोडीच सोडते?"

भाऊजी घरी आले ते तोंड पाडूनच. लायसन नसेल तर ढाबा जाणार, ढाब्यामागे मिलवाले जाणार, आणि सगळं काम नागपूरच्या कंपन्या घेऊन जाणार. भाऊजींना दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं.

*

चौकशी केली तर कळलं, लायसनसाठी केमिस्ट्री घेतलेला सायन्सचा ग्रॅज्युएट लागतो, आणि त्याने ट्रेनिंगही केलेलं पाहिजे. भाऊजी बारावी. मग घरात शोधाशोध सुरू झाली. कोणाचा भाचा, कोणाचा साळा, भंडाऱ्याच्या मावशीचा जावई, नात्यातला एकेक ग्रॅज्युएट आठवून झाला. मी तिथेच बसून भाजी चिरत होते.

शेवटी मीच म्हटलं, "मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्रीच होतं."

सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी आत्ताच बसमधून उतरले. सासूबाई म्हणाल्या, "अवो, हो ना! आमी त समजत होतो का ते तू लगनासाठीच घेतलं होतं."

मला राग आला आणि आनंदही झाला. खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला. लग्नानंतर पहिल्यांदा माझं नाव कशावर तरी लागणार होतं. रात्रभर मी मनातल्या मनात बोर्ड रंगवत होते.

ट्रंक उघडली तर डिग्रीचा एक कोपरा उधईने म्हणजे वाळवीने खाल्लेला! नाव आणि शिक्का तेवढे शाबूत. अर्ज द्यायला गेले तेव्हा टेबलावरच्या बाबूने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "मॅडम, इसमें तो एक्सपीरियन्स भी दिख रहा है."

*

ट्रेनिंगला सगळ्या बॅचमध्ये बाई मी एकटी. सरांनी झुरळांचा डबा उघडला तेव्हा पोरं डब्याकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी हातमोजे घातले, एक झुरळ उचललं आणि त्याचे पंख उघडून दाखवले. पोरं हिरमुसली. घूससुद्धा मी पिंजऱ्यासकट उचलली.

मग चहाच्या सुट्टीत छतावरून पाल पडली, माझ्या वहीशेजारी. मी बाकावर चढले ते खाली उतरेचना. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत्ता घूस उचलली होती."

म्हटलं, "सर, ती सिलॅबसमध्ये होती."

*

परत आले ती नियमांचा भारा घेऊनच. भाऊजींना सांगितलं, यापुढे मास्क, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. भाऊजींच्या गालात कायम खर्रा. तंबाखू-सुपारीशिवाय त्यांचा पंप सुरूच होत नाही अशी त्यांची समजूत. त्यांनी मास्क चढवला आणि अंगणात उभे राहिले. थोड्या वेळाने डोळे मोठे झाले. मग हातवारे सुरू झाले.

"काऊन हो, काय झालं?" त्यांची बायको मीना दारातून ओरडली.

भाऊजींनी मास्क ओरबाडून काढला, कुंपणापलीकडे थुंकले आणि विचारलं, "वहिनी, याच्यात थुकू कुठी?"

म्हटलं, थुंकायचं नाही, खर्रा ठेवायचा नाही, नाहीतर लायसन नाही. भाऊजी चार घरचं सुतक लागल्यासारखे बसून राहिले. पण ढाबा हातचा घालवण्यापेक्षा खर्रा सोडलेला बरा, असं त्यांनी ठरवलं. मीना मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, मी उपास धरले, शपथा घातल्या, माहेरी जाऊन बसली. तो मास्क अगुदर काऊन नाही आनला?"

*

ढेकणांचं मात्र एक आहे. ते कोणाच्याच घरी नसतात. मी ट्रेनिंग करून आल्याचं गल्लीत पसरलं आणि मागच्या दाराने बाया यायला लागल्या. समोरच्या काकू पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "आमच्या घरी नाहीत बरं. गोरेगावच्या इहिणीनं गादीत आनले. लायसन आलं का गुपचूप ये, पंप थैलीत घालून."

पुढच्या आठवड्यात काकूंकडे गोरेगावची विहीण आली. ती संध्याकाळी आमच्या मागच्या दारी. "माय, आमच्याकडं बी येजो. आमाले हे फुलचूरवाल्यायनं देल्ले."

*

शेवटी राहिली जागेची तपासणी. औषधाची खोली राहत्या घरापासून वेगळी लागते, हवेशीर, कुलपाची, आणि तिथे खायची वस्तू चालत नाही. अंगणापलीकडे तशी एकच खोली आणि ती सासूबाईंची. लाखोळीच्या डाळीच्या कोठ्या, लोणच्याच्या बरण्या, कुरड्या. ती मागायची माझी काही हिंमत होईना. एका दुपारी त्यांनीच सगळं उचलून स्वयंपाकघरात आणून टाकलं. "घे," एवढंच म्हणाल्या.

साहेब आले ते नेमके पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी. सुटी होती, पण ते सडक अर्जुनीकडचे, गावी जाता जाता पाहून घेतो म्हणाले. त्या सकाळी आमच्याकडे घरोघरी दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या काढून वस्तीबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडतात, "खासी, खोकला, ढेकणं, मोंगसे घेऊन जा गे मारबत!" मोंगसे म्हणजे डास. सगळी गल्ली दणाणत होती.

साहेबांनी कुलूप पाहिलं, खिडकी पाहिली, मास्क आणि प्रथमोपचाराची पेटी पाहिली. मला प्रश्न विचारले. उत्तरं सगळी येत होती. मग साहेब भिंतीजवळ थांबले आणि त्यांनी नाक वर केलं.

"इथं लोणचं होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "आता नाही."

"वास येऊन राहिला ना पण."

त्यांचं पेन हातातच राहिलं. भाऊजींचा हात सवयीने खिशाकडे गेला, पण खिशात खर्रा नव्हता.

तेवढ्यात सासूबाई घरातून निघाल्या, खांद्यावर पळसाची फांदी. साहेबांकडे न पाहता अंगणातून ओरडत चालल्या, "खासी घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत! इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि गप्प होऊन फाटकाकडे वळल्या.

साहेबांनी खोलीतून बाहेर येऊन हाक मारली, "आजी, ढेकणं-मोंगसे राहिले ना तुमचे!"

सासूबाई फाटकात थांबल्या.

"राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "औंदा सुनेचं लायसन येऊन राहिलं."