खोट्या सी ड्राइव्हमधलं शहर

माझे सासरे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी ठरवलेल्या रस्त्यांखालच्या पाइपलाइनी त्यांनी आयुष्यभर कागदावर काढल्या आणि ते रस्ते कसे चुकले आहेत हे घरी येऊन सांगितलं. मी विदर्भातून नोकरीसाठी पुण्यात आलेला, हडपसरच्या आयटी पार्कात सर्व्हर सांभाळणारा माणूस. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी पाहुणाच होतो. ते चहा विचारत, हवेबद्दल बोलत, मग पेपर उघडत. याचं मला वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

सूत जुळलं ते त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमुळे. तो भंगारात निघाला होता. मी लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमचा, कट्टर भक्त. कुणाचा कॉम्प्युटर रडतखडत चालताना दिसला की माझे हात शिवशिवतात. मी त्यावर लिनक्स टाकलं आणि तो चालायला लागला. मग दिवाळीच्या सेलमध्ये एका ऑनलाइन दुकानातून शहर वसवायचा जुना खेळ त्यांना घेऊन दिला. खेळ विंडोजसाठी केलेला. तो लिनक्सवर चालवायचा तर मधे एक दुभाष्या प्रोग्रॅम लागतो. हा प्रोग्रॅम खेळासाठी एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतो, म्हणजे खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत.

सासरे त्यात असे रमले की सासूबाई म्हणाल्या, "नोकरीत असताना एवढे वेळेवर टेबलाशी बसले असते तर साहेब झाले असते." रोज सकाळी दहा ते बारा, चष्मा पुसून. अकरा महिन्यांत लाखभर वस्तीचं शहर उभं राहिलं. आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला राहायचो. रविवारी गेलो की ते मला नवीन भाग दाखवत. "हा चौक बघा. एकही गाडी थांबत नाही." तो अर्धा तास मी कुणाचा जावई नसायचो.

एका रविवारी खेळ सुरूच होईना. आदल्या दिवशी मीच त्यांना फोन करून घरबसल्या त्यांच्या मशीनवर सगळे अपडेट चढवले होते. कुणी सांगितलं नव्हतं, मला राहवत नाही म्हणून. "तुम्ही बाहेर पेपर वाचा, पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. आमच्या जमातीत अशा वेळचा पहिला इलाज ठरलेला असतो. ती खोटी सी ड्राइव्ह उडवायची आणि नवी करायची. स्वतःच्या लॅपटॉपवर मी हे असंख्य वेळा केलं होतं. एक कमांड टाकली आणि खेळ सुरू झाला. मी खूश होऊन बघतो तर साठवलेल्या शहरांची यादी रिकामी.

हा खेळ आपली शहरं त्याच ड्राइव्हमध्ये ठेवत होता. नव्या खेळांत साठवलेल्याची एक प्रत दुकान स्वतःकडे ठेवतं, या जुन्याची ठेवत नव्हतं. बॅकअप घेतला नाही म्हणून ऑफिसात लोकांना झापणारा मी! अर्धा तास फोल्डर धुंडाळले, काहीही हाती लागलं नाही.

सासरे आत आले. "काय झालं?"

"बाबा, शहर गेलं."

"ते अपडेट का काय झालं, त्यात गेलं असेल."

सुटकेची वाट त्यांनीच दाखवली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मला मोह झाला, हे नाकारत नाही. पण रविवारचा तो अर्धा तास मला खोटं बोलून टिकवायचा नव्हता.

"अपडेटमुळे नाही. मी उडवलं. आत काय आहे ते न बघता."

त्यांनी वाकून ती रिकामी यादी बघितली. मग म्हणाले, "अकरा महिन्यांचं काम पाच मिनिटांत साफ. आमच्या ऑफिसात एवढ्या वेगाने कुणी काम केलं नाही."

"चूक झाली, बाबा."

"ती दिसतेच आहे."

आता चहा विचारतील आणि पेपर उघडतील, असं मी धरून चाललो. पण ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि नवा नकाशा उघडला. पडद्यावर नुसती हिरवी जमीन. माउसवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"तुमचं गाव कसं आहे हो? नदी कुठल्या बाजूने येते?"

सहा वर्षांत त्या घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"उत्तरेकडून," मी म्हणालो. "मंग देवळापाशी वळते."

"उभे काय राहिलात? बसा इथे," ते म्हणाले. "आणि सावकाश सांगा."